चौथं मॉड्यूल तोंडपाठ

कोर्स चौथ्या मॉड्यूलच्या पहिल्याच स्क्रीनवर अडकला. नुसतंच ‘लोडिंग’. मी सीडी बाहेर काढली, शर्टाला पुसली, परत घातली. परत ‘लोडिंग’. सीडीच्या पाठीवर कॉफीच्या टंबलरचे गोल उठले होते आणि भरीला ओरखडे. क्लायंटकडे कुणीतरी ती बरीच वर्षं बशी म्हणून वापरली होती.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. मी बार्शीहून चेन्नईला आलेला, ई-लर्निंगच्या कंपनीत. ई-लर्निंग म्हणजे कॉम्प्युटरवरचे धडे. चित्रं, मागे एक भारदस्त आवाज, ‘क्लिक नेक्स्ट’, शेवटी परीक्षा. हा धडा फोर्कलिफ्टचा होता, म्हणजे पुढे दोन लोखंडी दांडे असलेली माल उचलायची गाडी. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्याने नव्या गाड्या घेतल्या, म्हणून कोर्सही नवा करायचा होता. पण तो बनवणारी कंपनी बंद पडली होती आणि सोर्स फाइल्स तिच्याबरोबर गेल्या होत्या. कारखान्यात कोर्स ज्या कॉम्प्युटरवर चालायचा तोही भंगारात गेला होता, उरली ही जादाची सीडी. सोर्स फाइल म्हणजे पीठ आणि कोर्स म्हणजे इडली. आमच्याकडे इडली होती आणि क्लायंटला डोसा हवा होता.

पहिली तीन मॉड्यूल्स मी ऐकून ऐकून टाइप केली आणि स्क्रीन बघून परत बांधली. चौथं होतं वजन आणि उताराचं. शनिवारी आठ ऑपरेटरांची गाडी चालवायची परवाना-कार्डं संपत होती. कोर्स पास नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर गाडी नाही. मग पेट्या हाताने उचला.

आमचे मॅनेजर सेतुराव तंजावरचे मराठी. मराठी जुनं, चाल तमिळ.

“तेथें जाऊन पाहा पा. कागद कांहीं तरी असेल.”

“जातों पा,” मी त्यांच्याच चालीत म्हणालो. शेजारचे तिघं मॉनिटरमागे दडून हसले.

“नक्कल झाली कां? मग बस धर.”

कारखान्यात सेफ्टी ऑफिसरने सगळी कपाटं उघडून दाखवली. कागद नव्हता. जेवायला कँटीनमध्ये बसलो आणि मला काही सुचेना. मला काही सुचलं नाही की मी आवाज काढतो. कोर्समधल्या त्या भारदस्त माणसाचा काढला. “वेलकम टू मॉड्यूल फोर.”

समोर सांबार-भात खाणाऱ्या माणसाचा घास हवेत थांबला. हे सेल्वम अण्णा, नऊ वर्षं फोर्कलिफ्टवर. त्यांनी त्याच आवाजात पुढचं वाक्य म्हटलं. मग त्याच्या पुढचं. एकही इंग्रजी शब्द न कळणारा माणूस साहेबासारखा बोलत होता. दर सहा महिन्यांनी तोच कोर्स, तोच आवाज. सगळं डोक्यात जाऊन बसलं होतं. वाक्यांमध्ये ‘क्लिक नेक्स्ट’ होतं, चित्र सरकताना वाजणारं ‘टुंई’सुद्धा होतं.

“अण्णा, थांबा, मोबाइल काढतो.”

“मध्ये थांबलो तर पहिल्यापासून सुरू करावं लागेल, तंबी.” तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

पहिल्यापासून सुरू झालं. सत्तावीस ‘क्लिक नेक्स्ट’ निघाले, म्हणजे सत्तावीस स्क्रीन. सेफ्टी ऑफिसरने मजकूर तपासला, दोनच शब्द बदलले. आवाज मी दिला. सेतुरावांनी ऐकून विचारलं, “हा मनुष्य कोठें सापडला?”

“तुमच्यासमोर उभा आहे.”

ते हसले नाहीत, पण परत एकदा लावून ऐकलं.

परीक्षा मात्र अण्णांकडून मिळाली नाही. प्रश्न बोलले जात नसत, नुसते लिहिलेले असत. त्यांच्याकडे फक्त उत्तरं होती. “बी, डी, ए, ए, सी,” असं चालीत, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. मग ऑफिसरने प्रश्न नवे लिहिले. कारखान्याच्या एचआरच्या कल्याणी मॅडम म्हणाल्या, पर्याय दरवेळी शफल करा, म्हणजे क्रम बदला. केले.

शुक्रवारी आठही जण नापास. अण्णांना दहात दोन.

“तंबी, कॉम्प्युटर बिघडलाय.”

मी खो खो हसलो. मॅडम हसल्या नाहीत. “उद्यापासून आठही जण लोडिंगला, पेट्या उचलायला,” म्हणाल्या, आणि माझं हसू जागच्या जागी आटलं.

मी अण्णांना माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारलं, “माल भरलाय, उतार आहे, खाली जायचंय. तोंड कुठे?”

त्यांनी माझ्याकडे शिशुवर्गातल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. “रिव्हर्समध्ये. तोंड खाली केलंस तर माल तुझ्याआधी पोचेल.”

दहाही प्रश्न विचारले. दहाही बरोबर.

“मॅडम, यांना फोर्कलिफ्ट येते. इंग्रजी येत नाही. परीक्षा तमिळमध्ये बोलूया.”

“रेकॉर्ड कोण करेल?”

“मी.” मी एक प्रश्न तमिळमध्ये म्हणून दाखवला. माझं तमिळ ऐकून आठही जण एकमेकांच्या खांद्यावर पडले. मग मॅडमच म्हणाल्या, अण्णांना बसवा. कँटीनच्या कोठीत तांदळाच्या पोत्यांमध्ये बसवलं, म्हणजे आवाज घुमत नाही. ऑफिसरने तमिळमध्ये लिहून दिलेले प्रश्न वाचताना अण्णा तो भारदस्त आवाजच काढत होते. मी अडवलं नाही.

शनिवारी सकाळी सातजण पहिल्या फटक्यात पास झाले. आठव्या खुर्चीवर अण्णा बसले, तर मॅडमनी हात आडवा केला. “तुम्ही कसे बसणार? तुम्हाला प्रश्न माहीत आहेत.”

“इतकी वर्षं उत्तरं माहीत होती,” अण्णा म्हणाले, “तेव्हा कुणी उठवलं नाही.”

मॅडमनी ऑफिसरकडे बघितलं, ऑफिसरने छताकडे. शेवटी अण्णांची परीक्षा यार्डात, गाडीवर झाली. भरलेली गाडी उतारावरून रिव्हर्समध्ये इतकी सावकाश खाली आणली की ऑफिसरच कंटाळून म्हणाला, पुरे. दुपारी आठ कार्डांवर सह्या झाल्या.

तेव्हापासून सोर्स फाइल हरवली की मी आधी कोर्स केलेल्या माणसाला गाठतो. त्याला थोडं थोडं आठवत असेल तर कोर्स बरा होता. शब्दन् शब्द पाठ असेल तर तो कोर्स नव्याने लिहायला घेतो.