उजेडामागची सरोज

महाड-पोलादपूरकडच्या निम्म्या लग्नांचं शूटिंग मुरारीने केलं आणि त्या प्रत्येक लग्नात हॅलोजनचा लाइट त्याच्या बायकोने, सरोजने, धरला. बाईमाणूस लाइट धरतंय म्हणून लोक आधी हसले. पुढे कळलं, की ती शेजारी असली की नवऱ्यामुली मोकळेपणाने रडतात. मग तिलाच आणा म्हणू लागले. आमचं शहाणपण म्हणजे वरातीमागून घोडं.

सरोज तापाचं निमित्त होऊन गेली. मागे एक फोटो उरला, स्टुडिओतला, घाबरलेला. मुरारीला ती चालताना, बोलताना बघायची होती. घरात कपाटभर कॅसेटी आणि बायको एकीतही नाही. लाइट धरणारा चित्रात येणार कसा?

त्याच सुमारास माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक नवा प्रोग्राम आला होता. हसरे-रडवे चेहरे, चढलेले आवाज हुडकून तो भावनेचे क्षण आपोआप वेगळे काढायचा आणि बाकीचं टाकाऊ म्हणून बाजूला सारायचा. मुरारी कॅसेटींची पिशवी घेऊन आला.

"यात ती गावंल ना रे?"

"चेहरा आला असेल तर सापडेल, मुरारीदादा." उगाच आशा लावायची नव्हती, तरी लावली.

तो रोज दुपारी येऊन बसायचा. प्रोग्रामने पाठवण्या दिल्या, खिदळणाऱ्या करवल्या दिल्या, डोळे पुसणारे बाप दिले. सगळी दुसऱ्यांची माणसं. मुरारी मान हलवायचा, म्हणायचा, "नाय." मला त्या प्रोग्रामचा संताप येऊ लागला.

शेवटी मी टाकाऊ भाग लावला. कुडपणच्या एका लग्नात जेवायच्या गडबडीत मुरारी कॅमेरा बंद करायला विसरला होता. तो नुसता हातात लोंबकळत होता. पडद्यावर सारवलेलं अंगण, वायरचं भेंडोळं आणि हिरव्या साडीच्या काठाखाली दोन पावलं.

"अहो, चालूच हाय की तो!" सरोज हसत होती. "बंद करा आधी. कॅसेट फुकट चाललीय."

पडदा काळा झाला.

"पुढं लाव ना."

"पुढे पंगत आहे, दादा. ती नाही."

मुरारी त्या काळ्या पडद्याकडेच बघत राहिला.

"एरवी कधी तिचं ऐकलं नाय रे," तो म्हणाला. "तेव्हाच ऐकलं."