बोटभर जागा

माझ्या वडिलांना सगळे बिनफट मिस्त्री म्हणत. हे नाव त्यांनी कमावलेलं होतं आणि त्याचा त्यांना इतका अभिमान होता, की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती दोनदा मारावी लागे. ते टेबलं करत, खुर्च्या करत, दारं बसवत, पण ते सगळं पोटापाण्यासाठी. जीव होता तो कपड्यांच्या कपाटांत. जमिनीपासून छतापर्यंत, भिंतीला घट्ट चिकटलेलं कपाट. काम संपलं की ते खिशातून एक जुनं पोस्टकार्ड काढून गिऱ्हाइकाच्या हातात देत आणि म्हणत, "घाला, कुठे जातंय ते." गिऱ्हाईक बिचारं कपाट आणि भिंत यांच्यामध्ये, दोन पल्ल्यांच्या मध्ये, खाली, वर, सगळीकडे ते कार्ड खुपसून बघे. जात नसे. मग बाबा कार्ड परत खिशात ठेवत आणि चहाला हो म्हणत.

असलं एक कपाट आमच्याही घरी होतं. आईबाबांच्या खोलीत, मोरीच्या बाजूच्या भिंतीला. ती भिंत बाहेरून सगळं पाऊसपाणी अंगावर घेणारी. माझ्या जन्माच्या वर्षी त्यांनी ते बसवलं आणि पोस्टकार्ड आईच्या हातात दिलं. आई प्राथमिक शाळेत शिकवायची. तिने कार्ड घालून बघितलं, गेलं नाही, ती म्हणाली, "छान झालंय हो. पण मागे बोटभर जागा असती तर बरं झालं असतं. हवा खेळली असती."

"हवा खेळायला अंगण आहे," बाबा म्हणाले.

हा किस्सा ते पुढे वर्षानुवर्षं सांगत. सगळे हसत. आईसुद्धा हसायची, म्हणून मला वाटायचं तिलाही तो आवडतो.

कपाटाला वास येऊ लागला तेव्हा मी शाळेत होते. ओल्या पोत्याचा असतो तसा वास. आधी खालच्या कप्प्यातल्या चादरींना, मग लोकरीच्या कपड्यांना. आईने हात टेकले नाहीत. दर रविवारी ती सगळे कपडे बाहेर काढून दोरीवर टाकायची, खांद्याच्या शिवणी आणि खिसे उलटे करून. इस्त्री केलेला कपडा गरम असताना आत ठेवायची नाही, खुर्चीच्या पाठीवर निववायची. शाळेतून खडूचे तुकडे आणायची आणि पातळ फडक्यात त्यांची पुरचुंडी बांधून दांडीला टांगायची. खडू ओल शोषतात म्हणे. पुरचुंड्या आठवड्यात जड व्हायच्या, मग त्या उन्हात वाळवून परत आत. आमच्या सगळ्यांच्या कपड्यांवर कुठे ना कुठे पांढरी बोटं असायची. मी तिला चिडवायचे की तू फळा घरी घेऊन येतेस.

आणि ती पल्ले उघडे ठेवायची. यावरून मात्र रोज कटकट व्हायची. उघडा पल्ला बिजागरीवर लोंबतो आणि महिनाभरात खाली घासायला लागतो, हे बाबांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. आई शाळेत जाताना पल्ले उघडून जायची, बाबा दुकानात जाताना बंद करून जायचे. ती परत आली की उघडायची, ते आले की बंद करायचे. मला तेव्हा यात गंमत वाटे.

वासाचं खापर बाबा आईवर फोडत. "तू कपडे नीट वाळवत नाहीस. दमट कपडे आत कोंबतेस, मग कपाट काय करणार?" आई म्हणायची, "अहो, मी हात लावून बघते प्रत्येक." ते म्हणायचे, "मग तुझ्या हाताला कळत नाही." यावर ती पुढचा कपडा उचलायची. आमच्या घरात हात कुणाचा आणि काम कुणाचं, हे ठरलेलं होतं. बाबांनी दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हटल्याचं मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. दुसऱ्या सुताराचं काम बघून ते फक्त "हं" म्हणत, आणि तेही नाकातून.

मग तो कोटाचा दिवस. मी कॉलेजात होते. आईच्या शाळेतल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, निवृत्त होणार होत्या. त्यांचा निरोपसमारंभ होता आणि आईला भाषण करायचं होतं. आठवडाभर ती भांडी घासताना ते पुटपुटत होती. तिच्याकडे एकच चांगला कोट होता, निळा, लोकरीचा, अस्तर लावलेला. आधीचे दोन रविवार आभाळ भरलेलं, कपडे उन्हात गेले नव्हते. त्या संध्याकाळी मोठ्या बाई स्वतः दोन शिक्षिकांना घेऊन तिला न्यायला आमच्या घरी आल्या. आईने त्यांच्यासमोरच कोट काढला. दोन्ही खांद्यांवर हिरवट पांढरे ठिपके होते, पैशाएवढे, आणि कॉलरखाली तर नुसती बुरशी. वास सगळ्या खोलीत पसरला. एका शिक्षिकेने रुमाल नाकाकडे नेला आणि घाईघाईने खाली घेतला.

बाबांना काय सुचलं कोण जाणे. कपाट त्यांचं, आणि चार माणसं त्याच्याकडे बघत होती. ते हसत म्हणाले, "काय सांगू बाई, तीस तीस पोरांना शिकवते, पण हिला स्वतःला कपडे वाळवायचं कुणी शिकवलं नाही!"

शिक्षिका हसल्या, हसावं लागतं म्हणून. मी मात्र खळखळून हसले. मला खरंच हसू आलं, हे मी लपवणार नाही.

आई म्हणाली, "हो, माझंच चुकलं." कोट परत दांडीला लावला, घरात घालायचा पातळ स्वेटर चढवला आणि गेली. भाषण चांगलं झालं असं ऐकलं. तो कोट तिने नंतर कधीही घातला नाही. टाकलाही नाही. दर रविवारी तो बाकीच्या कपड्यांबरोबर उन्हात जायचा आणि परत यायचा.

त्याच सुमारास बाबांचं एक गिरमिट हरवलं. हाताने फिरवून भोक पाडायचं जुनं हत्यार, लाकडी मुठीचं. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. शेजारी, मी, दुकानातला रंधा मारणारा, कुणालाच सोडलं नाही. आईलाही विचारलं. ती म्हणाली, "सापडेल."

आई गेली त्याला आता सव्वा वर्ष झालं. चार दिवसांचं दुखणं. मी लग्न होऊन दुसऱ्या गल्लीत राहते, रोज संध्याकाळी बाबांकडे चक्कर टाकते. त्यांनी दुकान बंद केलंय. ती गेल्यावर कपाटाचे पल्ले बंदच राहिले, कारण उघडणारं माणूस नव्हतं. दर रविवारचं ऊन थांबलं, पुरचुंड्या ओल्या होऊन पिवळ्या पडल्या. तीन महिन्यांत वास बैठकीच्या खोलीपर्यंत आला आणि कपाटाच्या बाजूने भिंतीचा रंग फुगायला लागला.

तेव्हाही बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कपडे दमट ठेवणारी तर आता नव्हतीच, मग हा वास कुणाचा, हा प्रश्न मी त्यांना विचारायला हवा होता. मी रंगाऱ्याला बोलावलं.

रंगारी बोलका होता. त्याने भिंतीवर तळहात ठेवला, मोरीत डोकावला, मग कपाटाच्या बाजूला नखाने खरवडलं. "हे हलवावं लागेल, मिस्त्री."

"ते हलत नाही," बाबा म्हणाले. "मी बसवलंय."

"मग तुम्हालाच हलवता येईल."

अर्धा दिवस लागला. बाबांनी एकेक स्क्रू स्वतः काढला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही तिघांनी मिळून कपाट पुढे ओढलं. मागची भिंत काळी होती. डाग वगैरे नाही, माझ्या खांद्यापर्यंत सलग काळी, मखमलीसारखी, आणि कपाटाची पाठही तशीच.

मी फडकं घेऊन पुढे झाले तर रंगारी ओरडला. "ताई, कोरडं झटकू नका! बुरशी उडते ती, नाकातोंडात जाते. आधी तोंड बांधा. व्हिनेगरच्या पाण्याने ओली करून पुसायची, मग खिडक्या उघड्या टाकून चार दिवस भिंत वाळू द्यायची. वर नुसता रंग मारलात तर महिन्यात परत येईल." मग तो बाबांकडे वळला. "गार भिंत आणि तिला चिकटून कपाट. घरातली वाफ मागे जाऊन पाणी होते, वाळणार कुठून? बोटभर जागा सोडायची की हो मागे."

बोटभर. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

पाठ पुसताना ती भोकं सापडली. वर एक ओळ, खाली एक ओळ, कोट टांगायची तिथेच. आतून बघणाऱ्याला कोटाआड दिसली नसती. खालून हवा आत यावी आणि वरून बाहेर जावी, अशा हिशेबाने पाडलेली. गिरमिटाची भोकं. गिरमिटही मग सापडलं, कप्प्याच्या कोपऱ्यात खडूच्या खोक्यात, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. टोकाला गंज चढू नये म्हणून तेल लावलेलं होतं.

आणि प्रत्येक भोकासमोर भिंतीच्या गिलाव्यावर एक बारीक खड्डा होता. गिरमिटाचं टोक तिथे लागलं होतं. म्हणजे पहिल्याच भोकाला तिची खात्री झाली असणार की मागे हवाच नाही, भिंत आहे, याचा काही उपयोग नाही. तरी तिने पुढचं पाडलं. आणि त्याच्या पुढचं. नवरा दुकानात गेल्यावर, कपाटात उभी राहून, हाताने फिरवत.

बाबा उकिडवे बसले. ते त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले.

"बुजवून टाकू का?" रंगाऱ्याने विचारलं. "भोकं भरायची लांबी आहे माझ्याकडे."

"नको," बाबा म्हणाले. "ओळ सरळ आहे. भोक कुठे फुटलेलं नाही." मग म्हणाले, "हात चांगला होता तिचा."

भिंत वाळली, रंग झाला. कपाट परत बसवताना त्यांनी मागे लाकडी ठोकळे घातले आणि बोटभर जागा सोडली. आईचे कपडे मी अंगणात नेऊन ब्रशने झाडले, गरम पाण्यात धुतले, दोन दोन दिवस उन्हात ठेवले. निळा कोट सर्वांत हट्टी निघाला. अस्तर उसवून बदलावं लागलं. महिन्याभराने बाबांनी तो कपाटातून काढला आणि माझ्यापुढे धरला. "वास घे."

"येत नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे. मोठ्या बाईंकडे जायचं म्हणाले. मी सोबत गेले. बाई आता खूप थकल्या आहेत, पण ओळखलं त्यांनी. बाबा खुर्चीत टेकलेही नाहीत. पाठ केल्यासारखं एका दमात बोलले, "बाई, तुमच्या निरोपाच्या दिवशी मी तुमच्यासमोर बोललो की हिला कपडे वाळवता येत नाहीत. ते खोटं होतं. ती नीट वाळवायची. चूक माझ्या कपाटाची होती."

बाईंनी खूप आठवून बघितलं. "असं काही झालं होतं का? मला नाही बाई आठवत. भाषण मात्र सुंदर केलं होतं तिने." मग त्यांनी आम्हाला चहा दिला.

परतताना बाबा रस्त्याच्या कडेकडेने चालत होते. वळणावर थांबले. "बाईंच्या काही लक्षात नाही," ते म्हणाले. "आईच्या तरी राहिलं असेल का गं?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काय ऐकायचंय ते मला कळत होतं, आणि तेवढं खोटं मला सहज बोलता आलं असतं.

"हो," मी म्हणाले. "आणि मी हसले होते, तेही."