भावाची लेकरं

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत ती जंतूंचा स्वयंपाक करायची. क्षार, साखर आणि वासराच्या रक्तातलं पिवळसर पाणी मोजून मिसळायचं, गाळायचं, चपट्या बाटल्यांत ओतायचं आणि त्यावर जंतू वाढवायचे. बाटलीचं झाकण घट्ट लावायचं नाही, कारण हवा त्यांनाही लागते. शेजारणींना वाटे, बाई औषधं बनवते. ती म्हणे, औषध ज्यांना मारणार, त्यांना मी जेवू घालते.

तिचा धाकटा भाऊ सुतार. त्याने लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणे, दुसऱ्यांचे पलंग करता करता माझा राहून गेला. एका बारीकशा माशीच्या चाव्यातून त्याला ताप जडला. प्लीहा वाढून पोट पुढे आलं, हातापायांच्या काड्या झाल्या. ठरलेली इंजेक्शनं झाली, ताप उतरला आणि उलटला. दुसऱ्यांदा इंजेक्शनांनी कामच केलं नाही. हा आजार गरिबांचा. त्यावर नवं औषध शोधायची घाई कुणाला नव्हती. शोधत होत्या त्या तिच्याच प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई.

त्यांची कल्पना तिला पटकन समजली. जंतूला विष घालायचं नाही, त्याची चूलच विझवायची. साखर जाळून तो ज्या वाटेने ताकद मिळवतो ती औषधाने अडवली, की समोर अन्न असून तो उपाशी मरणार. त्यासाठी जुन्या इंजेक्शनांना न जुमानणारे जंतू हवे होते. भावाने कमरेच्या हाडात सुई टोचून घेतली. त्यातून निघालेले जंतू बहिणीच्या बाटलीत रुजले.

मग त्याला चेष्टेला विषयच मिळाला. ती दारात दिसली की खाटेवरून विचारायचा, "काय आत्या, माझी लेकरं जेवली का?"

"जेवली. बापासारखीच खादाड आहेत."

"झाकण सैल ठेव हं, गुदमरतील."

एका सकाळी औषध घातलेल्या बाटल्यांतली वळवळ थांबली. डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. तिने तिथल्या तिथे भावासाठी औषध मागितलं. बाई नाही म्हणाल्या, आधी प्राण्यांवर बघायला हवं. ती रडली, भांडलीसुद्धा. पण बाई बधल्या नाहीत. घरी तिने भावाला एवढंच सांगितलं, की तुझी लेकरं गेली. तो कितीतरी दिवसांनी उठून बसला आणि त्याने रंध्याचं पातं मागवून घेतलं. धार लावता लावता दमला, तरी पातं हातातून सोडेना.

हॅमस्टर ह्या उंदरासारख्या प्राण्यांना तेच जंतू देऊन केलेला प्रयोग फसला. औषध पोटात जाऊनही त्यांच्या प्लीहा फुगलेल्याच राहिल्या, आत जंतू जिवंत. बाई तिच्या खोलीत येऊन स्टुलावर बसल्या.

"चूक आपल्या बाटलीत होती," त्या म्हणाल्या. "आपण त्यांना साखरेवर वाढवलं, म्हणून साखर तोडली आणि ते मेले. शरीरात ते चरबीवर भागवतात. आपण बंद केलेल्या दारातून तिथे कुणी ये-जाच करत नाही."

साखर तीच मोजत आली होती, कागदावर होती तेवढीच. तरीही त्या दिवशी तिने आपले हात पुन्हा पुन्हा धुतले.

भावाला कसं सांगावं, हे वाटेत ठरेना. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पातं उशाशी ठेवून दिलं.

"जिवंत आहेत ना?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"चिवट निघाली," तो म्हणाला. "एवढं मात्र बापाकडून नाही घेतलं."

त्यानंतर त्याने पातं पुन्हा हातात घेतलं नाही. काही आठवड्यांत तो गेला.

ती कामावर परतली तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, की भावाच्या जंतूंच्या, औषध न घातलेल्या ह्या बाटल्या टाकून द्यायच्या का? दुसऱ्या कुणाचे जंतू मागवता येतील. प्रयोग नव्याने मांडायचाच होता, ह्या वेळी अन्न शरीरातल्यासारखं, साखर नावाला आणि चरबी भरपूर. तिने बाटली उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. भाऊ मातीत गेला होता आणि त्याच्या हाडातून निघालेले ते तसेच वळवळत होते. हात लांब केला की जंतुनाशकाची बादली होती.

"टाकायची नाही," ती म्हणाली. "त्याला ज्यांनी मारलं, औषध त्यांच्यावरच चालायला हवं."

तिने नवं अन्न मिसळलं, गाळलं, बाटलीत ओतलं. हात नकळत झाकण घट्ट करायला निघाला होता, तो मध्येच थांबला. झाकण थोडं मागे फिरवून तिने बाटली उबेत ठेवली.