घोटभर गहवा

"मोठ्या देशांकडं तोफा असतात गो बाय, आपल्याकडं ही असते," असं म्हणत मामू लांब चोचीची पितळी किटली डाव्या हातात उचलायचे.

"आपल्याकडं म्हणजे कुठं मामू, दापोलीत?" मी मुद्दाम विचारायची.

"दोह्यात गो. दापोलीवर कोण चाल करून येतंय?"

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल, ज्याचं पद कुणालाच धड सांगता येत नाही, पण तो रजेवर गेला की सगळ्यांचं अडतं. आमचं ऑफिस परदेशी कलावंतांना, म्युझियमवाल्यांना, कधी मंत्र्यांना कतारला बोलवायचं. एवढासा देश, पण जगाशी सलोखा ठेवायची हौस दांडगी. आम्ही करार नि प्रदर्शनांत बुडालेले असायचो. पाहुण्यांना आधी भेटायचे ते मामू, गहवा घेऊन. गहवा म्हणजे इथली वेलची घातलेली कडू कॉफी. "पाहुणा नीट टेकला की निम्मं काम खलास," एवढंच त्यांचं परराष्ट्र धोरण.

नवे असताना त्यांनी घातलेला घोळ ते स्वतःच रंगवून सांगत. शेजारच्या देशातले एक वजनदार गृहस्थ जुना अबोला मिटवायला आले होते. मामूंनी कोकणी हातानं त्यांचा प्याला काठोकाठ भरला. आपल्याकडं अर्धा कप चहा दिला तर चार गावांत बोभाटा होतो! इथं मात्र गहवा घोटभरच ओततात, पुन्हा पुन्हा ओततात. भरलेला प्याला म्हणजे प्या आणि चालू लागा. पाहुणे उठलेच. तेवढ्यात आमच्या कतारी साहेबांनी तो प्याला उचलून स्वतः रिकामा केला नि म्हणाले, हा तुम्हाला नाही, मला घालवतोय, माझ्या खुर्चीवर डोळा आहे याचा. पाहुणे पोट धरून हसले आणि मुक्कामाला राहिले.

"नोकरी गेलीच होती गो," मामू म्हणायचे, "साहेबानं पिऊन वाचवली."

मग वय झालं आणि मामूंचा व्हिसा वाढेना. साहेबांनी खूप खटपट केली, पण नियम तो नियम. गावी लेकानं घर बांधलेलं, सून वाट बघत होती. तरी मामूंचा पाय निघेना. उभं आयुष्य इथं गेलेलं. "आता तिकडं मी पाहुणा गो," असं एकदाच म्हणाले.

शेवटच्या दुपारी साहेबांनी त्यांना पाहुण्यांच्या कोचावर बसवलं आणि किटली स्वतः घेतली. मामू सारखे उठायला बघत होते. साहेबांनी खांदा दाबून खाली बसवलं नि घोटभर ओतलं.

पुरे झालं की इथं प्याला हलकेच हलवायचा, म्हणजे वाढणारा थांबतो. तीन प्याल्यांच्या पुढं घेणं हावरटपणा, हे मामूंनीच आम्हाला शिकवलेलं. त्या दिवशी मात्र ते प्यायचे नि प्याला पुढं करायचे. साहेब ओतत राहिले. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. विमानतळावर न्यायला आलेला ड्रायव्हर दारातून डोकावून गेला.

शेवटी मामू हिंदीत म्हणाले, "साहेब, आता भरूनच द्या. निघायला हवं."

"नाही," साहेब म्हणाले. "तुला या घरात भरलेला प्याला मिळायचा नाही."

आणि त्यांनी पुन्हा घोटभरच ओतलं. मामू ते सावकाश प्यायले. मग त्यांनी स्वतःच प्याला हलवला.