लेओ हुडाकचा चौथा तक्ता

लेओ हुडाक आयुष्यात दोनदाच खरा घाबरला. एकदा लहानपणी, वडील राबायचे तो पोलाद कारखाना बंद पडून भोंगा वाजलाच नाही त्या सकाळी. आणि दुसऱ्यांदा यंदा एक एप्रिलला, नव्या उपाधिष्ठाता ट्रेस्कॉटबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या तेव्हा. बाईंना आणलंच होतं खर्चाला कात्री लावायला.

एकतीस वर्षं लेओ पिट्सबर्गच्या एका विद्यापीठाची वेबपानं हातानं लिहीत, सांभाळत होता. दर एक एप्रिलला तिथली पोरं थट्टेची संशोधन परिषद भरवतात आणि हा हौसेनं निबंध वाचतो. नियम एकच: सिद्धांत कितीही चक्रम चालेल, आकडे मात्र खरे हवेत. खोटे आकडे देणाऱ्याला तिथे पुन्हा कुणी उभं करत नाही.

यंदाचा विषय होता, एचटीएमएल पानं झटपट कशी उघडावीत. उपाय पहिला, पानाच्या कोडातल्या खुणांची, म्हणजे टॅगांची, नावं एकाक्षरी करा. दुसरा, मजकूरच काढून टाका. तिसरा सर्वोत्तम: जे पान कुणी उघडतच नाही, त्याला लागणारा वेळ शून्य! पुराव्यासाठी त्यानं आपल्याच पानांच्या नोंदी काढल्या. अकरा हजारांपैकी नऊ हजार चारशे पानं वर्षभरात एकाही माणसानं उघडली नव्हती. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पण जित्याची खोड; तक्ता चौथा म्हणून छापून मोकळा झाला.

"आज तरी जीभ आवर," सकाळीच बायकोनं, डोरीननं, बजावलं होतं. मे महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्याचा खर्च देणारा आरोग्यविमा नवऱ्याच्या नोकरीवर.

चौथा तक्ता पडद्यावर आला तशी पोरं हसून लोळली. "लेओ, कहर केलास राव!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाईंनी हात वर केला. "मिस्टर हुडाक, हे आकडे गमतीतच दिलेत ना?"

'हो' म्हटलं की सुटका होती. त्यानं टेबलाची कड घट्ट धरली.

"नाही बाई. सगळे खरे आहेत."

पोरांनी टाळ्या पिटल्या. बाईंनी शांतपणे वही उघडली.

"मग ही पानं सांभाळतं कोण?"

टाळ्या थांबल्या. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"मी," लेओ म्हणाला.