दिवा लागणारी वायर

मेकॅनिकच्या लॅपटॉपवर पुन्हा तेच आलं, गाडीशी संपर्क होत नाही. माझ्या मुलानं चावी फिरवून पाहिली, व्हॅन सुरू होईना. इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर गेलाय, असं आधीच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं. नवा घालायची आमची ऐपत नव्हती. शाळेची मुलं नेणारी ही व्हॅन बंदच राहिली असती, तर चाकणच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या ज्या प्रेसवर त्याची दोन बोटं तुटली, तिथंच त्याला परत जावं लागलं असतं.

चिखलीचा हा मेकॅनिक कुणाची समजूत घालत नाही. काही विचारलं की म्हणतो, "दम धरा, मावशी." काम अडलं की उठून हात धुऊन येतो. त्या दिवशीही हात धुऊन आला आणि लॅपटॉप गाडीला जोडायची तीच वायर त्यानं स्वतःच्या धडधाकट टेम्पोला लावली. तिथंही लॅपटॉप गप्पच.

"वायर माझीच खराब आहे. तुमच्या गाडीवर उगाच आळ आला," तो चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला.

"भाऊ, असं सांगत बसलात तर धंदा बसेल," त्यातला एक हसला.

"पण वायरचा दिवा तर लागतोय," मी म्हटलं.

"दिव्याला वीज गाडीतून मिळते, मावशी. लॅपटॉपकडं जाणारी तार आतून तुटलीय."

त्यानं ती तार कापून पुन्हा जोडली. मग लॅपटॉपनं व्हॅनमधला एक बिघडलेला सेन्सर दाखवला. तो बदलल्यावर व्हॅन चालू झाली.

मला माणसांचं कौतुक करायची सवय नाही. याचं करते.

दोन वर्षं झाली. व्हॅनमध्ये कॉम्प्युटर तोच आहे आणि व्हॅन माझा मुलगाच चालवतो.