पाण्याचं तोंड

एकतीस वर्षं बारामतीच्या शाळेत भूगोल शिकवून मी आफ्रिकेच्या सफारीचं बुकिंग चुकीच्या महिन्यात केलं. ती चूक माझ्या लक्षातही आली नाही. ती काढली सातवी नापास झालेल्या एका पाटकऱ्यानं, आणि तीही माझ्याच नकाशावर बोट ठेवून.

पाटकरी म्हणजे कॅनॉलवरचा माणूस. दारं उघडायची, बंद करायची, पाळी कुणाची ते बघायचं आणि दोन्ही काठांच्या शिव्या खायच्या. तुमच्याही भागात असेल असा एखादा. आमच्या पाटकऱ्यानं, म्हणजे तात्यांनी, सगळी नोकरी सणसर ते कळस एवढ्याच पट्ट्यात काढली. वाटेत कुणी भेटलं की रामरामाच्या आधी विचारायचे, "टेलला पोचलं का?" टेल म्हणजे कॅनॉलच्या चारीचं शेवटचं टोक. तिथं जाईपर्यंत निम्मं पाणी वरच्या वर गडप झालेलं असतं. लग्नात वाढपी जिलेबीचं ताट घेऊन गेला तरी तात्या पंगतीच्या शेवटच्या पानाकडं मान वळवून हेच विचारायचे.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं सणसरला शेजारी. एका दुपारी माझ्याकडं टीव्हीवर प्राण्यांचा कार्यक्रम चालू होता. कोरडं ठणठणीत नदीपात्र, वर ऊन, आणि वळणावरून पाण्याची एक जीभ सरपटत येतेय. मागून हत्ती. तात्या खुर्चीवरून उठले आणि टीव्हीपुढं फरशीवर जाऊन बसले.

"हे पानी कोन सोडतंय?"

"कुणी नाही, तात्या. लांब डोंगरात पाऊस पडतो, नदी खाली येते, दलदलीत पसरते आणि पुढं वाळवंटात जिरून जाते. समुद्राला मिळतच नाही."

ते पडद्याच्या आणखी जवळ सरकले. मग म्हणाले, "म्हंजी सगळाच टेल."

आवर्तनाच्या, म्हणजे कॅनॉलला पाणी सुटण्याच्या, पहिल्या दिवशी पाण्याच्या पुढं चालत जाणं हे त्यांच्या नोकरीतलं सगळ्यात आवडतं काम. पुढं येणाऱ्या त्या पहिल्या पाण्याला ते 'तोंड' म्हणायचे. काठीनं कचरा बाजूला सारत, तोंडाला वाट करून देत, दिवसभर चालायचं. "त्या पान्याच्या म्होरं एकदा चालायचंय, मास्तर," ते म्हणाले.

घाईचं कारण वेगळं होतं. काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा केव्हाच गेला होता आणि डाव्यातून, त्यांच्याच शब्दांत, पाइपातून बघितल्यागत दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थेंबांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. बघायचं ते लांबणीवर टाकू नका. त्यांची पुण्याची लेक म्हणाली, पाठवते, पण एकटं नाही. सोबत म्हणून भूगोलाचा मास्तर ठरला.

मी हिशेब केला. दक्षिण गोलार्ध, सगळं उलट. त्यांचा पावसाळा डिसेंबर ते मार्च. पाऊस म्हणजे पूर. जानेवारी. दहावीच्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी पूर्ण मार्क दिले असते.

बुकिंग झाल्यावर तात्या नकाशा बघायला आले. "पाऊस कुठं पडतो?" मी अंगोलाचे डोंगर दाखवले. "आनि आपन कुठं?" मी बोट्सवाना दाखवलं. त्यांनी नाक कागदाला टेकवून दोन्हींमधलं अंतर वितीनं मोजलं.

"पाऊस घाटात पावसाळ्यात पडतो आनि आपल्या टेलला पानी उन्हाळ्यात येतं. ते बी बांधलेल्या कॅनॉलातनं. हे तर गवतातनं, वाळूतनं येनार. मास्तर, जानेवारीत तितं काय न्हाय. त्वांड यायला जुलै उजाडंल."

मी हसलो. खात्री म्हणून सफारीवाल्यांना विचारलं. त्यांचं उत्तर नम्र होतं: पाणी साधारण जून-जुलैत पोचतं.

आता पेच असा होता की जानेवारीत डोळा होता पण पाणी नव्हतं, आणि जुलैत पाणी होतं पण डोळ्याची खात्री नव्हती. वहिनी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "जानेवारीतच जाऊन या. हत्ती का कमी पडत्यात?"

"हत्ती सर्कशीत बगितलाय," तात्या म्हणाले. जुलै ठरला. वहिनींनाही चला म्हटलं तर म्हणाल्या, "जलमभर ह्यांचा कॅनॉल बगितला. आता दुसऱ्याचा बगाया इमानात बसू व्हय?"

ते सहा महिने माझी झोप उडाली होती. माझ्या हट्टानं आम्ही दर रविवारी कॅनॉलच्या भरावावर जायचो. चाळीस पावलांवरून ते किलोमीटरच्या दगडावरचा नंबर वाचून दाखवायचे आणि मी डायरीत लिहायचो: चाळीस पावलं, उत्तम. लेकीला दर रविवारी तसं कळवायचो. मेमध्ये खात्यानं दगडांना चुना मारला. नंबर अजून घालायचे होते. तात्यांनी नेहमीच्या जागेवरून नंबर खणखणीत वाचला. दगड कोरा होता.

मी काहीच बोललो नाही. त्यावरूनच त्यांना कळलं.

"पुसलाय का?"

"हो. आणि इतके दिवस?"

"हितले दगड मला तोंडपाठ हायती. तुमी कवा दुसरीकडं नेलंच न्हाय." मग हळूच म्हणाले, "लेकीला सांगू नगा. पाठवायची न्हाय."

मी सांगितलं नाही. आजही ते बरोबर की चूक हे मला ठरवता येत नाही.

विमानात मी दर तासाला विचारत होतो, दिसतंय का. शेवटी ते म्हणाले, "तुमी इचारू नगा, त्यानंच धाकधूक हुतीया." दलदलीत दोन दिवस होडीतून फिरलो. लव्हाळी, पाणघोडे, लांब पायांचे पक्षी. मी वर्गात शिकवावं तसं सगळं सांगत होतो आणि ते कोंबडीसारखी मान तिरकी करून एकेक गोष्ट पाइपात पकडायला बघत होते. निम्म्या सुटायच्या. मग ते मान हलवून "बरं, बरं" म्हणायचे आणि मी तेच पुन्हा सांगायचो.

तिसऱ्या दिवशी वाळवंटाच्या अंगाला निघालो. पाणी कुठवर आलंय हे आमच्या वाटाड्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं गाडी थांबवून कुणाला तरी फोन लावला. भाषा एक अक्षर कळत नसताना तात्या म्हणाले, "वरच्या फाट्यावरच्या मानसाला इचारतोय." तो त्याचा वरच्या गावातला मेहुणा निघाला.

दुपारी एका गावाजवळ पोचलो. कोरड्या पात्रात माणसं शेळ्या घेऊन वाट बघत बसली होती. आणि ते आलं. हातभर रुंद. पुढं तपकिरी फेस, काटक्या, पळणारे किडे. हातभरच असल्यानं ते पाइपात मावत होतं. तात्या कमरेत वाकले आणि एकेक पाऊल मागं घेत त्याच्यासमोर चालू लागले. मध्येच एक फांदी आडवी आली, ती त्यांनी काठीनं दूर केली. वाटाड्यानं ते बघितलं आणि पुढची फांदी त्यानं उचलली. मी वहिनींसाठी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो, चांगली अकरा मिनिटं.

दिवाळीपर्यंत तात्यांना नुसता उजेड कळू लागला. लेकीनं दोघांना पुण्याला नेलं. शेजारच्या दाराला कुलूप आहे. भरावावर मी आता एकटा जातो, डायरी न घेता.

दवाखान्याच्या धावपळीत तो व्हिडिओ कुणी बघितलाच नव्हता, मीसुद्धा. गेल्या महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ते पानी दावा बरं एकदा." मी लावून दिला. आवाज स्वच्छ होता. "मास्तर, पाय काडा, त्याला वाट द्या," तात्या त्यात सांगत होते. इकडं पलंगावर बसलेले तात्या फोनकडं कान करून हसत होते. पडद्यावर मात्र माझे तपकिरी बूट होते. त्या वेळी मी तात्यांकडं बघत राहिलो आणि मोबाइलचा हात खाली गेला, तो शेवटपर्यंत तसाच होता.

वहिनींनी अकराच्या अकरा मिनिटं बघितली. मग फोन माझ्या हातात परत दिला.

"ह्यांना दिसत न्हाय म्हनून तुमाला संगं धाडलं हुतं, मास्तर."